सगळ्यांत मोठा 'हो'

संस्थेचे अध्यक्ष बाळासाहेब घोरपडे यांनी सातवीच्या वर्गात शिकवणारं एआय यंत्र बसवलं आणि गणिताच्या निमकर बाईंना बजावलं, "आजचा तास नीट झाला, तर उद्यापासून तुम्हाला कायमची सुट्टी."

बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या, अध्यक्ष पुढच्या. यंत्राचा मधाळ आवाज त्यांना पहिल्यापासूनच खटकत होता. त्याने अपूर्णांकांचा भागाकार घडाघडा शिकवला आणि विचारलं, "समजलं का?"

"होऽऽऽ!" अध्यक्षांसकट अख्खा वर्ग ओरडला.

"उत्तम! सर्वांना समजलं," म्हणत यंत्र पुढच्या धड्याकडे वळलं.

यंत्राला मुलं कळत नाहीत, हा बाईंचा संशय पक्का झाला. बावीस वर्षं त्या हा 'हो' ऐकत होत्या आणि त्यावर त्यांनी एकदाही विश्वास ठेवला नव्हता.

"बघितलंत? शंभर टक्के निकाल!" अध्यक्षांनी मिशीवर ताव दिला.

"बघितलं ना. पण यातले खोटे 'हो' किती, ते तुमच्या यंत्राला कुठे कळलं?" बाईंनी खडू पुढे केला. "सगळ्यांत मोठा 'हो' तुमचा होता, साहेब. या, पहिलं गणित फळ्यावर सोडवून दाखवा."

अध्यक्षांनी खडू घेतला, फळ्याकडे पाहिलं आणि खडू बाईंच्याच हातात परत ठेवला.

"उद्याचा तास तुम्हीच घ्या," ते पुटपुटले. "मीही येऊन बसतो."