भाजलेल्या गोळ्यांचे डोहाळे

"मग चुकतंय कुठे, तेवढं तरी सांगा."

शलाकाने स्टीलचा डबा अनसाक्कांच्या पुढ्यात सरकवला. आत खिम्याचे गोळे होते. ओव्हनमध्ये भाजलेले, एकसारखे गोल, अंगावर पुदिन्याचे हिरवे ठिपके.

अनसाक्कांनी डब्यात डोकावून पाहिलं. मग शलाकाकडे पाहिलं. आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

कसबा बावड्यात जत्रा असो की जावळ, अनसाक्कांना विचारल्याशिवाय मटणाचं पातेलं चुलीवर चढत नसे. मोठमोठे आचारी त्यांच्या ओसरीवर येऊन बसत आणि बोलणी खाऊन जात. गंमत अशी की आक्कांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ती घातल्यापासून त्यांनी मटणाचा कण तोंडात घेतला नव्हता. शिकवणं मात्र चालूच होतं.

शलाकाला यात गंमत वाटत नव्हती. जे आपण खात नाही त्यावर दुसऱ्याला ज्ञान द्यायचं, ही तिच्या मते शुद्ध लबाडी होती. तरी ती आली होती, कारण विचारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

प्रश्न तिच्या वहिनीचा होता.

आन्थी वहिनी ग्रीसची. शलाकाचा भाऊ धैर्यशील जहाजावर इंजिनिअर. तिकडच्या एका बंदरात ओळख झाली, पुढे लग्न झालं. आता आन्थीला सातवा महिना लागला होता आणि नवरा समुद्रावर होता. तिला डोहाळे होते एकाच गोष्टीचे, आईच्या हातच्या भाजलेल्या गोळ्यांचे. बाकीचं अन्न ती नुसतं चिवडत होती. वजन वाढत नव्हतं आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची आठी जात नव्हती. दादा येईपर्यंत वहिनीचं सगळं मी बघेन, असा शब्द शलाकाने दिला होता. शब्द दिला की ती रात्रंदिवस त्याच्याच मागे लागायची.

आन्थीच्या आईकडून तिने व्हिडिओ कॉलवर कृती घेतली होती. दुधात भिजवलेला पाव, किसलेला कांदा, लसूण, पुदिना, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल, लिंबू. जे जे सांगितलं ते ते तिने केलं. पुन्हा केलं. पुन्हा केलं. प्रत्येक वेळी आन्थीने एक गोळा खाल्ला, हसून "छान" म्हटलं आणि ताटली बाजूला ठेवली.

'छान' हा तिने शिकलेला पहिला मराठी शब्द. पिठलं, इंजेक्शन आणि सासूबाईंचं गाणं, तिन्हींना ती तोच लावायची.

आक्कांनी आधी या पदार्थाचं नाव विचारलं. केफ्तेदेस, शलाका म्हणाली. म्हणजे कोफ्तेच की, असं म्हणून आक्कांनी रश्श्याची चौकशी केली.

"रस्सा नसतो याला."

"न्हाई?" आक्कांनी डब्यात पुन्हा एकदा कीव आल्यासारखं पाहिलं. "म्हणूनच आंघोळ करून, अंग पुसून, गप बसल्यात बिचारे."

शलाका चिडली. मी थट्टा ऐकायला आलेले नाही, असं तिने तोंडावर सांगितलं. मीठ बरोबर आहे, लिंबू बरोबर आहे, आतून मऊ आहेत. प्रत्येक घाण्याला तिने आधी तव्यावर तुकडा परतून पाहिला होता, मग भाजल्यावर पाहिला होता.

"चाखलं कुणी?"

"मीच."

"डोहाळे कुणाला?"

एक शेंग फुटली. मग दुसरी.

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा शलाकाला मनस्वी राग यायचा. करणाऱ्याने चाखायचं नाही तर कोणी चाखायचं, असं ती जोरात म्हणाली. आक्का म्हणाल्या, उद्या मी येते. माझ्यासमोर कर. पण कणभरही तोंडात घालायचं नाही. नैवेद्य करतेस तेव्हा काय चाखून ठेवतेस होय?

मी नैवेद्य करत नाही, माझा विश्वास नाही, शलाकाने ठणकावलं.

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. "देव वाचला."

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या त्या कांदा-लसूण चटणीची बरणी काखेत मारूनच. खिमा परातीत पडायचा अवकाश, त्यांनी चमचाभर चटणी वर उचलली.

शलाकाने त्यांचं मनगट धरलं.

आक्कांचं मनगट धरणारं माणूस बावड्यात अजून कोणी निपजलं नव्हतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आज चटणीची पाळी नाही, बाळ जन्मल्यावर त्याला हवी तेवढी चारा, शलाका म्हणाली. आज त्याच्या आईची पाळी आहे.

आक्कांनी चमचा बरणीत सोडला. झाकण लावलं. रागावलेल्या दिसल्या नाहीत. उलट गालातल्या गालात काहीतरी चघळत बसल्या.

शलाकाने पाव पिळला, कांदा किसला, पुदिना चिरला. खिमा हाताने मळला, बोटांना चिकटायचा थांबेपर्यंत. सवयीने तवा गॅसवर ठेवला. आक्का खाकरल्या. तिने तवा उतरवला. ओल्या तळव्यांवर गोळे वळले, ट्रेमध्ये कागद अंथरून त्यावर मांडले, वरून तेल आणि लिंबू शिंपडलं, आणि ओव्हन लावून नेहमीसारखी त्याच्या काचेसमोर उकिडवी बसली.

"तिकडं काय बघतीस?" आक्का म्हणाल्या. "ते काय पळून जात न्हाईत. तिला बलीव हितं."

आन्थीला स्वयंपाकघरात कोणी येऊ देत नसे. वास सोसणार नाही, उकडेल, पाय सुजतील. बाहेरच्या खोलीत पायांखाली स्टूल देऊन तिला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं बसवलेलं असे आणि ताटली तिच्यापर्यंत जात असे. आज आक्कांनी तिची खुर्ची ओट्याजवळ घेतली आणि शलाकाला तिच्यासमोर बसवलं. ओव्हनकडे पाठ करून.

"आता बघ."

"काय बघू?"

आक्कांनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली.

शलाकाला आधी हसू आलं, मग कंटाळा आला. मग... ती बघू लागली.

भाजणाऱ्या कांद्याचा वास आला तशा आन्थीच्या भुवया जवळ आल्या. लिंबाचा आला तसे तिचे डोळे मिटले. हाताचा अंगठा ती बोटांवर घासत होती, काहीतरी चिमटीत धरल्यासारखा. आवडलं का, हवं का, पुरे का, असं शलाका तिला महिनोन् महिने विचारत आली होती. स्वतः तिच्यासमोर मात्र कधी बसली नव्हती.

आन्थी आपणहून बोलू लागली. अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या मराठीत. घराची गच्ची, तिथून दिसणारं बंदर, धाकटी बहीण देस्पिना, जिच्याशी तिचं रोज कशावरून तरी भांडण व्हायचं. एकदा रागाच्या भरात देस्पिनाने हिची चप्पल गच्चीवरून फेकली आणि ती खालून जाणाऱ्या पाद्रीबाबांच्या टोपीवर पडली. पाद्रीबाबांनी वर न बघता ती चप्पल खिशात घातली आणि चालू लागले. हे सांगताना आन्थी पाद्रीबाबांसारखी मान ताठ करून बसली. शलाका हसता हसता खुर्चीवरून घसरली.

ओव्हनची घंटा कधी वाजून गेली ते दोघींना कळलं नाही. आक्कांना कळलं की नाही, कोण जाणे.

कळला तो करपल्याचा वास.

शलाका धावली. कागदाचं एक टोक दुमडलं होतं. चरबी आणि लिंबाचा रस त्याच्याखाली उतरून ट्रेच्या कोपऱ्यात काळातपकिरी पापुद्रा धरला होता, आणि तिकडचे गोळे त्यात रुतून बसले होते.

आता मात्र तिने मागचापुढचा विचार केला नाही. तुमच्यामुळे झालं हे, ती आक्कांना म्हणाली. तिकडे बघू नको म्हणे. तुम्हाला काय, तुम्हाला कुठे खायचंय. म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्याच्या वेळेची किंमत नसते, आणि वहिनीने पुन्हा काही खाल्लं नाही तर डॉक्टरीणबाईंना तोंड मी द्यायचं, तुम्ही नाही.

आक्का पदराने वारा घेत राहिल्या.

शलाकाने चांगले, सोनेरी गोळे निवडून ताटलीत घेतले. लिंबाची फोड ठेवली. ताटली आन्थीच्या हातात दिली, करपलेला ट्रे उचलून सिंककडे गेली, आणि नळाला हात घातला.

मग, का कोण जाणे, तिने मागे वळून बघितलं.

आन्थी ताटलीकडे बघत नव्हती. तिची नजर ट्रेच्या मागोमाग सिंकपर्यंत आली होती.

शलाकाचा हात नळावरच राहिला.

"हे... हवंय?"

आन्थी लाजली. मान अगदी थोडी हलवली.

ट्रे ओट्यावर आला. शलाकाने सकाळची भाकरी आणि उलथणं पुढे ठेवलं. आन्थी उठून उभी राहिली, उलथणं धरलं, आणि खर्र खर्र आवाज करत कोपरा खरवडू लागली. भाकरीच्या तुकड्याने पापुद्रा पुसून तोंडात. अंगठा चाटून पुन्हा उलथणं. 'छान' म्हणायला तोंड रिकामं नव्हतं.

पहिला कोपरा संपल्यावर तिने सांगितलं. तिच्या घरी ताटल्या टेबलावर जायच्या, वडिलांसाठी, काकांसाठी. ट्रे स्वयंपाकघरात राहायचा. तो दोघी बहिणींचा. याच कोपऱ्यावरून मारामारी व्हायची. आईने हे कृतीत सांगितलं नाही, कारण आईच्या लेखी ते घासायचं भांडं होतं.

शलाकाला एकदम आठवलं. आपल्याकडे काय म्हणतात माहीत आहे का, तिने विचारलं. खरवड खाणाऱ्याच्या लग्नात पाऊस पडतो.

आन्थीचा घास हातातच थांबला. तिच्या लग्नात, भर मे महिन्यात, असा वळीव कोसळला होता की मांडव गळून भटजी छत्रीखाली मंत्र म्हणत होते.

"म्हणजे मी?" तिने उलथणं स्वतःकडे रोखलं.

एकटी नाही, शलाका म्हणाली. दादानेही आमच्या घरात बासुंदीचं पातेलं कधी कोणाला सोडलेलं नाही.

आन्थी पोट धरून हसली. हसता हसता थांबली आणि शलाकाचा हात ओढून पोटावर ठेवला. आत कोणीतरी लाथा झाडत होतं. आक्काही हसत होत्या, इतक्या की गळ्यातली माळ हलत होती.

ट्रे संपत आला. मग बोलता बोलता ताटलीतले सोनेरी गोळेही संपले. शलाकाच्या वाट्याला एक उरला नाही, आणि याचं तिला नंतरही फारसं वाईट वाटलं नाही.

आक्का निघाल्या. शलाका त्यांच्या मागे दारापर्यंत गेली. तिचे डोळे चमकत होते. आता तिला सगळं समजलं होतं. उद्या कागद घालायचाच नाही. तेल जरा जास्त, लिंबू जरा जास्त, घंटा वाजल्यावरही ओव्हन चालू ठेवायचा आणि एक कोपरा नीट करपवायचा. तिने हे एका दमात सांगितलं.

आक्कांनी एक चप्पल पायात सरकवली.

"जमलं ना आक्का मला?"

"आज जमलं."

"आणि उद्या?"

आक्का दुसरी चप्पल शोधत होत्या. स्वयंपाकघरातून उलथण्याचा आवाज अजून येत होता.

"उद्या मुद्दाम जाळशील ना पोरी, तर ते नुसतं जळल्यालं असंल."