कबरीच्या जळक्या मिशा

कुण्या एका गावात कबरी मांजर, तिचं इवलं पिलू आणि धाकटी बहीण मोरी राहायची. थंडीत चुलीच्या राखेत झोपून कबरीनं मिशा जाळून घेतल्या. एकदा पिलांचा वैरी बोका अंगणात दिसला. पिलू लपवलं होतं गोवऱ्यांच्या राशीमागं. कबरी समोरच्या फटीत घुसली, ती खांद्यापाशी अडकली. मोरीनं तिला मागं ओढलं.

"माझं मेलं डोकंच गेलं गं," कबरी रडवेली झाली.

"डोकं जाग्यावर आहे, ताई. मिशा गेल्यात. इथं माझ्या मिशा मुडपतात, म्हणजे अंग मावायचं नाही. पलीकडच्या फटीत मोकळ्या राहतात. माझ्या गालाला गाल लावून चल."

बोका राशीमागं पोचला, तेव्हा तिघं माळ्यावर होती. पुढं त्या घरात कबरीची नातवंडं-पतवंडं सुखानं नांदली.