भिवराबाईचे पितळी पातेले

खूप जुनी गोष्ट आहे. घाटाखालून बैलांचे तांडे चालत, त्या काळातली.

त्या राज्यात एक कायदा होता. राजाचा तपासनीस गावोगावच्या खाणावळी तपासत फिरे आणि जेवढे दोष सापडतील तेवढ्या गेरूच्या रेघा खाणावळीच्या दर्शनी भिंतीवर ओढी. रेघ पुसायचा हक्क फक्त त्याचा. तीन रेघा झाल्या, की खाणावळ महिनाभर बंद.

घाटाच्या पायथ्याशी भिवराबाईची खाणावळ होती. वीस वर्षांत तिच्या भिंतीवर एकही रेघ नव्हती आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. तिची चिंचगुळाची आमटी प्रसिद्ध होती. ती शिजे सासूच्या हातच्या पितळी पातेल्यात. सासू होती तोवर दर दोन-तीन महिन्यांनी त्या पातेल्याला आतून कल्हई होत असे. गेल्या वर्षी सासू गेली आणि भिवराबाईने कल्हई बंद केली. चव त्या जुन्या पातेल्यात मुरलेली आहे, कल्हई केली तर ती जाईल, असे तिच्या मनाने घेतले. एकदा मनाने घेतले, की भिवराबाईपुढे ब्रह्मदेवाचेही चालत नसे.

आता पितळेत आंबट शिजवले आणि कल्हई नसली, की अन्न कळकते, हे शेंबडे पोरही सांगेल. पण आमटी खाऊन निघालेल्या प्रवाशांना पुढे घाटात मळमळले, तर ते बिचारे घाटाच्या वळणांना दोष देत.

जत्रेला आठ दिवस उरले होते, तेव्हा तपासनीस आला. म्हातारा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्याने पाण्याचा रांजण पाहिला. झाकण नव्हते आणि मुंग्या तरंगत होत्या. एक रेघ. मग त्याने पातेल्यात डोकावून बोट फिरवले. दुसरी रेघ.

भिवराबाई संतापली. रांजणाचे तिने कबूल केले, पण पातेल्याचे नाही. वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही, असे तिने ठणकावून सांगितले. म्हातारा वाद घालत बसला नाही. जत्रेच्या पहिल्या दिवशी पुन्हा येतो, एवढे सांगून तो निघून गेला.

जत्रा म्हणजे भिवराबाईचे अर्धे वर्ष. त्या चार दिवसांच्या कमाईवर तिचे पुढचे सहा महिने निघत. भिंतीवर रेघा पाहून लोक पुढे गेले, तर घरात चूल कशी पेटायची? तिच्या धाकट्या दिराने तोड सुचवली : रेघा पुसायला बंदी आहे, झाकायला नाही. झाले. भिंतीवर नवी कोरी चटई चढली.

भिवराबाईने रांजणाला झाकण केले, जमीन सारवली, फडकी उकळली. पातेले तर चिंच आणि राख लावून असे घासले, की त्यात तोंड दिसावे. बाहेरून. आतल्या कल्हईचे नाव नाही. आपल्याकडे म्हणतात, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. इथे तर कल्हईचे कथीलही उरले नव्हते.

जत्रेच्या पहिल्या दुपारी पंगत खचाखच भरली. तपासनीस आला. त्याने चटईकडे पाहिलेदेखील नाही. पंगतीत बसला, पान वाढून घेतले आणि ते भिवराबाईपुढे सरकवले.

"आज पहिला घास तुमचा, बाई," तो म्हणाला.

रांधणारीने सगळ्यांच्या शेवटी जेवायचे, अशी तिथली रीत. भिवराबाई जेवायला बसे तोवर आमटी संपलेली असे आणि ती ताकभातावर भागवी. आपल्या हातची आमटी तिने किती महिन्यांत चाखली नव्हती, हे तिचे तिलाही आठवेना. पण एवढ्या लोकांसमोर नाही कसे म्हणणार? तिने भात कालवला आणि घास घेतला.

सकाळपासून पातेल्यात राहिलेली आमटी होती ती. जीभ तुरट झाली, तोंडभर पितळेची कडवट चव पसरली, घास गिळवेना. समोर एक बाई आपल्या लहान मुलीला भरवायला भात कालवत होती.

भिवराबाईला फार लाज वाटली. चांगली आहे म्हटले असते, तर जत्रा हातची गेली नसती. तपासनीस तर आमटीबद्दल अजून काही बोललाही नव्हता.

ती उठली आणि तिने त्या बाईचा हात धरला.

"थांबा. कुणी खाऊ नका," ती सगळ्या पंगतीला म्हणाली. "आमटी कळकलीय. चूक माझी हाय."

मग ती बाहेर गेली आणि तिने स्वतःच्या हाताने चटई ओढून काढली. तपासनिसाने गेरू काढला. त्याचा हात जरा घुटमळला, तेव्हा भिवराबाईच म्हणाली, "ओढा बाबा. तिसरी बी माझीच."

खाणावळ बंद झाली. जत्रा गेली. तो बंदीचा महिना भिवराबाईने लोकांची दळणे दळून काढला, हे काही खोटे नाही. पण जत्रेकरू आपापल्या गावी गेले आणि त्यांनी कळकलेल्या आमटीची नाही, तर तिने धरलेल्या हाताची गोष्ट सांगितली. महिन्याने चूल पेटली, तेव्हा पातेले आतून चांदीसारखे लखलखत होते आणि तांडेवाले दोन कोस वाट वाकडी करून तिच्या दारात उतरू लागले. पंगतीआधी भिवराबाई सगळ्यांसमोर पहिला घास घेई. पुढे त्या राज्यात खाणावळ चालवणाऱ्या प्रत्येकाला गिऱ्हाईक विचारू लागले, "तुम्ही जेवलात का?"

लहानथोरांनी गाठीला बांधावे ते एवढेच : चुकीची रेघ माणसाला बुडवत नाही, तिच्यावर टाकलेली चटई बुडवते.