चिमाबाईच्या डोळ्यातला मोती

एकदा काय झालं, एका नावाडणीला नदीच दिसेनाशी झाली.

नदी कुठे गेली नव्हती, बरं का. ती होती तिथेच होती. सोनझरी तिचं नाव. अलीकडे चिमाबाईचं गाव, पलीकडे कर्दळीपूर नावाचं लहानसं शहर. मधे पूल नाही, काही नाही. चिमाबाईची होडी तेवढी. वीस वर्षं ती वल्हं मारत होती. पाण्यातला खडक न् खडक तिच्या ओळखीचा.

मग हळूहळू तिच्या डोळ्यांपुढे धुकं धरलं. तिला वाटलं, थंडीचे दिवस आहेत, असेल धुकं. पण होळी झाली, ऊन तापलं, तरी धुकं हटेना. आणि एक दिवस होडी खडकावर घासली. होडीत एक बाळंतीण होती, महिन्याभराचं बाळ घेऊन माहेराहून निघालेली. होडी कलली, बाळाची दुपटी भिजली. कुणी बुडलं नाही. चिमाबाईला कुणी बोललंही नाही. पण तिने होडी काठाला बांधली, वल्ही घरात नेऊन ठेवली नि म्हणाली, "एवढ्यांचा जीव माझ्या हातात, आणि हात कुठे चाललाय ते मला दिसत नाही. डोळे बरे झाल्याशिवाय होडी सोडायची नाही."

मग गावाची पंचाईत झाली. बाजाराला जायचं तर वर नदी पायी ओलांडता येते तिथून, चार कोसांचा वळसा. म्हातारीकोतारी घरीच बसली. चिमाबाईला ते बघवेना. तिने फडक्यात भाकरी बांधली, हातात काठी घेतली नि तोच चार कोसांचा वळसा घालून ती निघाली कर्दळीपुरात डोळ्यांचा वैद्य शोधायला.

शहर ते केवढं? चार गल्ल्या, एक बाजार, एक तळं. तिला वाटलं, वैद्य काय, विचारला की सापडला. पण पहिला माणूस म्हणाला उजवीकडे, दुसरा म्हणाला डावीकडे, नि तिसरा म्हणाला, "बाई, आमचे डोळे चांगले आहेत, आम्हांला काय ठाऊक."

मग ती उजवीकडे गेली. तिथे मोठा वाडा, दारात सनई वाजत होती. वैद्यबुवांनी तिच्या डोळ्यांत मध घातला, तिला दारात उभं केलं नि विचारलं, "देवळावरचा झेंडा दिसतो का?"

"नाही दिसत."

"दिसतो म्हण, म्हणजे दिसायला लागेल."

चिमाबाई म्हणाली, "बुवा, दिसतो म्हणून मी होडी खडकावर घालू का?" आणि ती उठली.

मग ती डावीकडे गेली. तिथला वैद्य मान वर करून बघेचना. पोथी चाळता चाळता म्हणाला, "वय झालं. आता घरी बसावं, देवाचं नाव घ्यावं." चिमाबाई म्हणाली, "नाव घेईन हो, पण माझी माणसं काठावर खोळंबलीत." त्याने पान उलटलं.

ऐकताय ना? पाय आत घ्या पांघरुणात.

मग चिमाबाई दमून एका तेलाच्या घाण्यापाशी बसली. घाण्याला बैल जुंपलेला. डोळ्यांना झापडं, नि आपला गोल गोल फिरतोय. तिने भाकरी सोडली, अर्धी मोडली नि बैलाच्या तोंडाशी धरली. "घे बाबा, तुलाही दिसत नाही, मलाही दिसत नाही."

बैलाने भाकरी खाल्ली, आणि चक्क बोलला. तेव्हा बोलायचे बैल, कुणी भाकरी दिली तर.

"बाई," तो म्हणाला, "दिसत नाही, पण ऐकू येतं. या रस्त्याने आंधळी माणसं काठी टेकत जातात. सनईच्या दाराशी जातात, काठी टेकतच परत येतात. पोथीच्या दाराशी जातात, काठी टेकतच परत येतात. कुंभारांच्या भट्टीमागे एक दार आहे. तिथे गेलेला माणूस परत येतो, तेव्हा काठी वाजत नाही."

मग चिमाबाई भट्टीच्या उबेच्या रोखाने गेली. तिथे होती सगुणाबाई वैद्यीण. ओटीवर डोळ्यांना पट्ट्या बांधलेली पाच-सहा माणसं बसली होती. वैद्यिणीने चिमाबाईला उजेडात बसवलं. पाण्याने भरलेलं काचेचं भांडं उन्हात धरलं, त्यातून उजेड डोळ्यांत सोडला नि किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत मोती धरलाय. डावा पिकलाय, तो आज काढते. उजवा कच्चा आहे. त्याला चार महिने थांबायला हवं. घाई केली तर डोळा जाईल."

"आणि तेव्हा नाही निघाला तर?"

"तर नाही निघाला म्हणून सांगेन."

चिमाबाईला इतकं बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा कुणी तरी खरं बोललं होतं.

वैद्यिणीने आधी डोळ्यांत गार अंजन घातलं. "दोन खडकांमधून होडी काढताना श्वास कसा धरतेस? तसा धर," ती म्हणाली. भाताच्या कुसळाएवढी सळई तिने उचलली. चिमाबाईने श्वास धरला. आणि वाटीत आवाज झाला, टिण्ण.

मोती, बरं का. खराखुरा, ज्वारीच्या दाण्याएवढा.

मग डोळ्यांवर पट्टी. पहिल्या दिवशी डोळा ठणकला. दुसऱ्या दिवशी इतकी खाज सुटली की चिमाबाईचा हात सारखा पट्टीकडे जाई. वैद्यीण सगळी कामं सोडून शेजारी बसली, तिचा हात हातात घेऊन. भातही तिनेच भरवला. तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली. समोर एक एवढीशी बाई उभी होती, पांढऱ्या केसांची, चिमाबाईच्या खांद्याला जेमतेम लागेल एवढी. आवाजावरून चिमाबाईने केवढी मोठी बाई मनात धरली होती.

"बाई, तुमच्या कपाळावर गोंदण आहे," चिमाबाई म्हणाली, आणि तिला रडू आलं.

"रडू नकोस, डोळा ओला आहे," वैद्यीण म्हणाली.

चिमाबाईने तो मोती तिच्यापुढे केला. "हा तुम्ही ठेवा."

"ठेवायचा नसतो गं. हा उगाळून अंजन करायचं, पुढच्याच्या डोळ्यात घालायला. तुझ्याही डोळ्यात कुणाचा तरी मोती गेलाय."

"कुणाचा?"

"एका कोष्ट्याचा. आता पुन्हा मागावर बसलाय."

मग चिमाबाई गावी आली नि होडी पाण्यात ढकलली. एका डोळ्याला पुरेशी दिसत होती नदी. चार महिन्यांनी ती पुन्हा गेली. वैद्यिणीने पुष्कळ वेळ पाहिलं, नि मग उजवाही मोती काढला. तो निघाला सुखरूप.

पुढे कधी कधी कर्दळीपूरहून परतणारा कुणी होडीत बसे, नव्या डोळ्यांनी पाण्याकडे टकामका बघत. चिमाबाई त्याच्या डोळ्यांत वाकून बघायची नि हळूच विचारायची, "बरा आहेस ना रे?" त्याला वाटायचं, आपल्यालाच विचारतेय. तो म्हणायचा, "बरा आहे, मावशी."

ती विचारायची आपल्या मोत्याला.

सोनझरी वाहत राहिली, होडी चालत राहिली, आणि काठावर कुणी खोळंबलं नाही. चला, मिटा आता डोळे. दिवसभर बघून बघून तेही दमलेत.