कालवणात काय कमी

"माय, फडताळातली ती सर्वांत जुनी बाटली दे. देतेस की नाही?"

अन्सेल्म उंबऱ्यातूनच बोलला. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

फिलूमाय चुलीपाशी बसली होती. वसईजवळच्या त्या वाडीत तिच्यासारखी जांभळाची वाईन कोणालाच जमत नसे. अन्सेल्म पाच वर्षं तिच्या हाताखाली शिकला होता. आता तो मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांसाठी वाईन चाखून निवडत असे. घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा, आणि मग तो म्हणेल ते खरं.

"कोणासाठी हवी?"

"जसिंतासाठी. आठ दिवस झाले, बायको माझ्याशी बोलत नाही. आज तिनं सामान बांधलं. चारच्या गाडीनं आईकडे चाललीय. परत येणार नाही म्हणते."

"काय केलंस?"

"मी काय करणार? जेवताना दोन शब्द बोललो. कालवण आंबट झालं, तर आंबट झालं म्हणायचं नाही का? चाखणं हा माझा धंदा आहे, माय."

"रोज बोलतोस?"

फडताळाकडे बघत तो म्हणाला, "तुझी ती बाटली तिच्यापुढे उघडली, की मी तिला काय मानतो ते तिला कळेल."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

"देईन," फिलूमाय म्हणाली. "पण आधी जेव. आणि विचारीन ते ओळखून दाखव."

"माझी परीक्षा? घे की!" अन्सेल्म हसला आणि चपला काढून पाटावर बसला.

मायनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. शेजारी पेल्यात रोजच्या बरणीतली वाईन.

त्यानं एक घोट घेतला, डोळे मिटून घोळवला आणि उठून अंगणातल्या केळीच्या बुडाशी थुंकून आला.

मायचा हात भाकरीवर क्षणभर थांबला.

"विहिरीकडच्या जांभळाची. गेल्या सालची. साखर नाही, गूळ घातलास. आणि दोन दिवस आधी गाळायला हवी होती. तुरट झालीय."

"बरोबर. ते दोन दिवस मी तापानं पडले होते."

अन्सेल्मनं मान डोलावली. त्याला आपलं उत्तर बरोबर आलं एवढंच ऐकू आलं होतं.

"आता कालवण."

त्यानं बोट बुडवून जिभेवर ठेवलं. "बोंबील आजचे. कैरी रायवळ. मसाला गेल्या उन्हाळ्यात कुटलेला, मिरची जरा जास्त भाजली गेलीय. आणि मीठ कमी. बरंच कमी."

"तेही बरोबर. कोणाच्या हातचं?"

"तुझं नाही. तुझा हात मी झोपेतही ओळखीन."

"मग कोणाचा?"

त्यानं पुन्हा चाखलं. घड्याळाकडे पाहिलं.

"शेजारच्या रोझीनं केलं?"

"नाही."

"तुझ्या भाचीनं?"

"नाही रे."

"मग घरचं नाहीच हे!" तो चिडून म्हणाला. "खानावळीतलं आहे. विकत आणलंस. अशी कालवणं पैशाला पासरी मिळतात. असल्या स्वयंपाकाला कोणाचा हात असतो काय?"

फिलूमायनं मागे हात घालून स्टीलचं एक झाकण काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं. झाकणावर कोरलेली अक्षरं झिजली होती, तरी वाचता येत होती.

जसिंता – अन्सेल्म.

लग्नात जसिंताच्या मामानं दिलेला डबा. अकरा वर्षं याच झाकणाखालचं तो जेवत आला होता.

"सकाळी हा डबा घेऊन आली होती," माय म्हणाली. "म्हणाली, माय, तू चाख आणि सांग, यात काय कमी आहे? त्याला विचारायची मला आता भीती वाटते."

अन्सेल्मचं बोट अजून कालवणातच होतं.

"तू... तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मीच उलट विचारलं, मीठ इतकं बेतानं का घालतेस गं? तर म्हणाली, डॉक्टरनं त्याला मीठ कमी करायला सांगितलंय. त्याच्या लक्षात राहत नाही."

अंगणात कोंबडी कुठेतरी माती उकरत होती.

फिलूमाय उठली. कनवटीची किल्ली काढून तिनं फडताळ उघडलं आणि ती जुनी बाटली त्याच्यापुढे ठेवली.

"वाईन ओळखलीस. निम्मी परीक्षा जिंकलास. हवी तर घेऊन जा."

त्यानं बाटलीला हात लावला नाही.

भाकरीचा तुकडा मोडला. कालवणात बुडवला. खाल्ला. दुसरा मोडला. मग पेला तोंडाला लावला, एकदा केळीकडे पाहिलं... आणि घोट गिळला. पेला रिकामा होईपर्यंत गिळत राहिला.

त्यानं भाकरीनं ताट पुसून खाल्ल्यावर माय म्हणाली, "हं. आता सांग. काय कमी आहे?"

अन्सेल्मनं तोंड उघडलं. ओठ हलले. पण नाव ठेवायला एक शब्दही सापडला नाही.

मायनं रिकामं ताट उचललं.

घड्याळात सव्वातीन झाले.

जुनी बाटली तिनं परत फडताळात ठेवली. रोजच्या बरणीतून एक साधी बाटली भरली. धुतलेल्या डब्यावर झाकण बसवलं, दोन्ही पिशवीत घातलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"पळ. आता मला जे सांगितलंस ना, तेच तिला जाऊन सांग."