कसोटीचा दगड

देवसरीच्या राज्याचे सरन्यायाधीश वारले आणि दरबारात दोन दिवस वाद माजला. प्रधान त्र्यंबकरावांचा एकच हेका होता, "माझा भाचाच त्या आसनावर बसेल. न्यायाधीश कसा, राज्यकारभाराच्या अडचणी जाणणारा हवा!"

प्रधानांनीच बळकावलेल्या गायरानाचा खटला त्या आसनापुढे यायचा होता. तीन गावांची माणसं दरबाराबाहेर बसून होती, पण आत बोलायची कुणाची छाती होईना.

शेवटी खजिन्यातलं सोनं पारखणारे म्हातारे भिवशेट पोतदार उठले. त्यांनी प्रधानांपुढे एक कडं ठेवलं, शेजारी कसोटीचा काळा दगड ठेवला.

"सरकार, हे कडं विकायचंय. सोनं अस्सल आहे, घासून बघा."

प्रधानांनी दुसऱ्या सोनाराकडचा दगड आणायला माणूस धाडला.

"दुसरा कशाला? हा माझा आहे की."

प्रधान गुरकावले, "माल तुझा अन् दगडही तुझाच? मला काय खुळा समजलास?"

भिवशेटनी हात जोडले. "मग खटला तुमचा अन् न्यायाधीशही तुमचाच, हे बाहेर बसलेल्यांनी कसं मान्य करावं?"

भाच्याच्या नेमणुकीवर उठवायला राजांनी शिक्का हातात घेतला होता. तो त्यांनी परत डबीत ठेवला.