दोन गिअरबॉक्स आणि घाटावरची ताई

फार फार वर्षांपूर्वी, ज्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही तिथे, घाटाच्या पायथ्याशी एक माणूस एकटाच राहत असे. त्याचे म्हणावे असे एकच माणूस होते: घाटमाथ्यावरची थोरली बहीण. तिची नजर हळूहळू विझत चालली होती.

"दिसतंय तोवर एकदा समुद्र दाखव रे," ती म्हणाली. "लहानपणी म्हणायचास ना, तसल्या लाल शर्यतीच्या मोटारीतून."

म्हणून तो जुन्या मोटारींच्या जत्रेला गेला. एका म्हातारीकडे दोन लाल मोटारी होत्या, दोघांपुरत्या, बिनटपाच्या. फरक फक्त गिअरबॉक्सचा. एकीत मुळातला जुना होता, दुसरीत नंतर बसवलेला नवा.

"जुन्यात चालत्या गाडीला पहिला गिअर सहज पडत नाही," म्हातारी म्हणाली. "दोनदा क्लच दाबून इंजिनाचा वेग जुळवावा लागतो. हात बसायला वेळ जातो. दादा, जायचंय कुठं?"

"घाटावर. बहिणीला आणायला."

"मग नवा घ्या. त्या वळणांवर पहिला गिअर लागणारच."

तेवढ्यात जुन्या गाड्यांचे शौकीन भोवती जमले. जत्रेची रीतच होती, मूळ गिअरबॉक्सच्या गाड्या मधोमध वडाखाली, बाकीच्या कुंपणापाशी.

"नवा?" एक जण हसला. "मग शिवणयंत्रच घ्या की राव! जुना घ्या आणि आमच्यात बसा. चहा घेणार ना?"

त्याला कुणी चहा विचारल्याला फार दिवस झाले होते. त्याने जुना घेतला.

घाटाच्या पहिल्याच अवघड वळणावर गिअर किंचाळला, पण पडला नाही. गाडी मागे घसरू लागली. घाबरून तो परतला आणि बहिणीला निरोप धाडला, "नीट शिकतो, मग येतो."

जत्रा उठली. शौकीन आपापल्या गावी गेले. तो मात्र सपाटीच्या रिकाम्या रस्त्यावर एकटाच सराव करीत राहिला. ऋतू पालटले. अखेर हात बसला.

एके सकाळी तो घाट चढला, बहिणीला शेजारी बसवून खाली समुद्रावर आला. वाटेत एकही गिअर चुकला नाही.

गाडी थांबली. बहिणीने वाऱ्याच्या दिशेने चेहरा वळवला.

"आला का रे समुद्र?"

"आला, ताई."

"मग सांग की, कसा दिसतो?"

समोर निळे पाणी दूरवर पसरले होते.

ज्याच्यासाठी निघालो त्याला विसरून चारचौघांच्या पसंतीने निवड केली, तर पोहोचूनही उशीर झालेला असतो.